पगचं पिल्लू आम्ही का दिलं नाही

नमस्कार सर,

‘पैसे तयार होते, तरी प्रश्नांची सरबत्ती केली आणि पावसाळ्यात या म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दुकानात त्याच संध्याकाळी महिन्याचं पिल्लू मिळालं,’ असं लिहून आपण एक स्टार दिलात. घडलं तसंच. पण पग घ्यायला निघालेले आणखी लोक हे वाचतील, म्हणून कारण सांगते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक इतकं आखूड, की तेच त्याला नीट जमत नाही. नागपूरचा मे, स्लॅबखालचा वरचा मजला आणि नऊ ते सहा घरात कोणी नाही, हे आपणच सांगितलंत. अशा घरात दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, तर पग संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. आपल्या मुलीला ते बघावं लागू नये, एवढंच मनात होतं.

आणि महिन्याचं पिल्लू आम्ही कोणालाच देत नाही. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. त्या वयात त्याला आईच हवी असते.

आता ते आपल्या घरी आलंच आहे, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. खाणं आणि लसी त्यांनाच विचारून. त्याच्या नाकपुड्या उजेडात बघा. गोल, मोकळ्या असल्या तर उत्तम. बारीक फटीसारख्या दिसल्या, झोपेत श्वास अडकला, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ऑपरेशनने त्या रुंद करता येतात. पगच्या घोरण्याचे लोक कौतुकाने व्हिडिओ काढतात, मला मात्र ते ऐकून काळजी वाटते. नाकावरची घडी रोज बोटाने उघडून ओल्या मऊ कापडाने पुसायची आणि पूर्ण कोरडी करायची, नाहीतर आत ओल राहून वास येतो, कातडी लाल होते. डोळे बाहेर आलेले असतात, साधा ओरखडाही महागात पडतो. फिरवताना गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. वजन वाढू देऊ नका.

धाप थांबेना, जीभ गडद लाल किंवा निळसर दिसली, तर अंगावर साधं गार पाणी ओता, पंख्याखाली धरा आणि तसेच डॉक्टरांकडे निघा. घडी कशी पुसायची ते दुकानात येऊन बघून जा, पैसे लागणार नाहीत. पण सकाळी आठच्या आत या, उन्हात त्याला बाहेर काढू नका.