अहिराणी बंद केली आणि घरातलं बोलणंच बंद झालं

परवा अमळनेरला ताईकडे गेलो होतो, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मोठ्या भाच्याच्या नर्सरीतून तिला सांगितलंय की घरात अहिराणी बंद करा, पोराचा घोळ होतो, इंग्लिशच बोला. आता ताईला इंग्लिश येतं ते चार शब्द, मग झालं काय तर ती पोरांशी बोलायचीच कमी झाली. धाकटं दहा महिन्यांचं, त्याला वरण-भात भरवताना समोर तांब्याला टेकवलेला मोबाईल, त्यात इंग्लिश गाणी, पोर तोंड उघडतंय पण बघत कोणाकडेच नाही. पोटात कालवलं हो माझ्या.

मेंदूतल्या पेशी जन्मतः बहुतेक सगळ्या असतात, पण त्यांची एकमेकींशी जोडणी पहिल्या दोन-तीन वर्षांत धडाधड होते, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग आपण दाट उगवलेल्या ज्वारीची विरळणी करतो ना, तसंच, रोज वापरात असलेलं पक्कं होतं आणि बाकीचं निघून जातं. जपानी बाळाला सहा-सात महिन्यांचं असताना इंग्लिशमधल्या र आणि ल चा फरक कळतो, वर्षाचं होईस्तोवर ते कळणं कमी होतं, कारण त्याच्या घरात तसा फरक कोणी करतच नाही.

आता कोणी म्हणेल, मोबाईलमधून पण आवाज येतोच की. तर तेही तपासून झालंय. पॅट्रिशिया कुल नावाच्या बाईंचा २००३ सालचा प्रयोग आहे, अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना १२ वेळा बसवून चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्याशी माणूस समोर बसून बोललं, खेळलं, ती बाळं चिनी आवाज ओळखायला लागली आणि ज्यांना तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं ती काहीच शिकली नाहीत. काहीच नाही!

आणि दोन भाषांनी पोर गोंधळत नाही हो, मिसळून बोलतं काही दिवस, मग आपोआप वेगळं करतं.

दुपारी मोठी माय ओट्यावर मेथी निवडत होती, बाळ मांडीवर. ते म्हणालं "बू". ती हात थांबवून त्याच्याकडे बघून म्हणाली, "काय सांगस रे भाऊ? भूक लागनी का तुले?" आणि गप्प राहिली, त्याची वाट बघत. त्याने पाय झाडले, परत "बू". तिने परत विचारलं. पाच मिनिटं चाललं असेल हे, मी नुसता बघत बसलो, कारण मेंदूला जे लागतं ते हेच आहे, त्यासाठी ना फी लागते ना इंग्लिश. कपाशी वेचायला जाणाऱ्या आईला दिवसभर नाही जमणार, मान्य आहे, पण संध्याकाळी भाकरी थापता थापता तर बोलता येतं ना, आणि आजी असतेच की घरात.

ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, पण मॅडमला काय सांगू? म्हटलं सोमवारी मीच येतो तुझ्यासोबत.