फ्लशच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवणाऱ्यांना

गेले दोन आठवडे आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एसटीपीचं पाणी म्हणजे गाळलेलं गटार. मेंब्रेनच्या आधी आणि नंतर टीडीएस तेवढाच, म्हणजे शुद्ध काहीच होत नाही. जंतू तसेच. मेंब्रेन सहा महिन्यांत बाद. सिंगापूरची थेरं इथे चालत नाहीत.’ एसटीपी म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून फ्लशला नि बागेला देणारा आपला प्लांट, आणि मेंब्रेन म्हणजे त्यातली अतिबारीक छिद्रांची गाळणी. प्लांटची चावी माझ्याकडे असते, तेव्हा उत्तरही मीच देतो.

टीडीएसचं खरं आहे. मीही मीटर बुडवून पाहिलाय, आकडा फारसा हलत नाही. हलणारही नाही. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज बांधतो. घाणीशी त्याला देणंघेणं नाही. स्वच्छ पाण्यात चमचाभर मीठ टाका, आकडा उडी मारेल. उलट पावसाच्या डबक्यात जंतूंची जत्रा भरली असली तरी आकडा कमीच दिसेल. आपल्या मेंब्रेनची छिद्रं ०.०४ मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). क्षार त्यातून आरामात पार होतात. ते अडवायला आरओ लागतो. फ्लशला नि बागेला आरओचं पाणी कुणाला हवंय?

जंतू मात्र अडतात. ई. कोलाय १ ते २ मायक्रॉन लांब, त्या छिद्रातून जाणार कसा? काही विषाणू ०.०३ मायक्रॉनइतके बारीक असतात, म्हणून पुढे क्लोरीन आहेच. आणि नुसतं ‘गाळलेलं’ही नाही: आधी हवा सोडलेल्या टाकीत जिवाणू घाण खातात. त्याच टाकीत मेंब्रेनचे शेवयांसारखे पोकळ धागे लोंबतात. बाहेर चॉकलेटी गाळ, आतून खेचलेलं पाणी नितळ. झाकण उघडून दाखवतो, या कधीही.

सिंगापूरचं न्यूवॉटर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळवलेलं पाणी, २००३ पासून चालू आहे आणि त्यातलं बरंचसं कारखान्यांनाच जातं. आपल्याकडेही नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे असे प्रकल्प मुख्यतः टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी उभारले.

राहिले सहा महिने. नीट सांभाळली तर मेंब्रेन पाच-सात वर्षं सहज चालते. मधूनमधून हायपो (ब्लीचचं द्रावण) आणि सायट्रिक ॲसिडने धुवावी लागते. आपला पहिला संच लवकर गेला, हे कबूल. त्या वेळच्या ठेकेदाराने प्लांटच्या तोंडाशी असलेली फाटकी जाळी बदललीच नाही आणि केसांचे गुंते धाग्यांना वळले. एक गुंता सोडवायला मला अर्धा तास लागला होता. आता दर रविवारी जाळीचा फोटो ग्रुपवर टाकतो, त्याला मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.