‘एकदा टाका, हुमणी कायमची संपेल’: फिरणाऱ्या संदेशातलं एकेक वाक्य तपासताना

वळवाचा पहिला पाऊस झाला की हा संदेश शेतकऱ्यांच्या गटांत फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण सार असं: ‘हुमणी शेणखतातून येते. एकरी १ किलो मेटारायझियम २०० लिटर पाण्यात गूळ-बेसन घालून दोन दिवस मुरवा आणि ठिबकमधून सोडा. कोणत्याही महिन्यात चालतं. आठ दिवसांत अळ्या मरतात. बुरशी जमिनीत कायम राहते, पुन्हा खर्च नाही. सूत्रकृमी घेऊ नका, मुळांना गाठी होतात.’

मेटारायझियम ही बुरशी हुमणीला, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला, मारते, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘हुमणी शेणखतातून येते.’ उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी, इंग्रजी सी आकाराची अळी हुमणी नसते. तिथल्या बऱ्याच अळ्या गेंड्या भुंग्याच्या किंवा फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांच्या असतात. त्या कुजकं खातात, जिवंत मुळांच्या वाटेला सहसा जात नाहीत. ओळखायची सोपी युक्ती आहे. अळी सपाट, टणक जमिनीवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. पाठीवर पडून, पाय वर करून सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची. हुमणी कुशीवर वळवळते किंवा पायांनी रखडत जाते, पाठीवर चालत नाही. अंगठ्यापेक्षा जाड, पोटाशी करडी झालेली मोठी अळी बहुधा गेंड्या भुंग्याची, आणि नारळाच्या बागेत तिचा भुंगाच शत्रू ठरतो, तेव्हा तीही सोडू नये.

आपल्याकडच्या उसातली नेहमीची हुमणी, होलोट्रायकिया सेराटा, शेतातल्या मातीत अंडी घालते. पहिल्या दमदार पावसानंतर भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खातात, तिथेच मीलन होतं आणि पहाटेपूर्वी परत मातीत जातात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी सुटी सुटी घालते. कच्चं, ओलं शेणखत टाकलेली जमीन तिला जास्त भावते आणि लहान अळ्यांना कुजका पाला-खत आयतं मिळतं. म्हणून खत पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं हवं. शेणखत बंद करणं हा इलाज नव्हे.

‘एकरी १ किलो पुरे.’ इथे जरा हिशोब करू, कारण सगळी गोम त्यातच आहे. बाजारातल्या भुकटीत ग्रॅमला १० कोटी बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, असतात असं धरा (पाकिटावर १×१०⁸ असं लिहिलेलं असतं). म्हणजे १ किलोत १०,००० कोटी. आकडा ऐकायला भरभक्कम. पण एक एकर जमिनीचा वरचा १० सेंटिमीटरचा थर म्हणजे जवळपास ५०० टन, म्हणजे ५० कोटी ग्रॅम माती. भागाकार केला की हाती येतात ग्रॅममागे २०० बीजाणू. कुंडीतल्या चाचण्यांत अळ्यांची चांगली मर दिसते ती साधारण ग्रॅमला लाखभर किंवा त्याहून जास्त बीजाणू असताना.

कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी ४ किलो आहे. ते सगळ्या रानात फेकलं तरी ग्रॅमला ८०० च. तेच ४ फूट सरीच्या उसात फक्त मुळांजवळच्या २० सेंटिमीटर पट्ट्यात दिलं तर सहापट, साधारण ४,८०० होतात. अजूनही लाखापासून लांबच आहे. म्हणून शेतात बुरशीचा परिणाम हळू आणि अर्धवट दिसतो. बुरशी खोटी नाही, जमीन फार मोठी आहे. आडसाली (पावसाळ्यातल्या) लागणीत सरीतच, खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) बुडखे मोकळे करून बगलेत, सुरू (हिवाळ्याअखेर लावलेल्या) उसात मोठ्या बांधणीच्या, म्हणजे बुडाला मातीची भर देण्याच्या, वेळी ओळीलगत द्यावी. ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून दिल्याने ती सारखी पसरते. खतात ती भरमसाठ वाढते असं मात्र धरून चालू नये. तिथले इतर सूक्ष्मजीव तिला दाबून ठेवतात.

रोपवाटिकेत मात्र हाच हिशोब उलटतो. पिशव्या भरायचं मिश्रण घनमीटरला अंदाजे १ टन. त्यात १ किलो भुकटी कोरडी, एकजीव कालवली की ग्रॅमला लाखभर बीजाणू होतात, आणि एका घनमीटरात २ लिटरच्या ५०० पिशव्या भरतात. युरोपात शोभेच्या रोपांच्या कुंड्यांमध्ये व्हाइन वीव्हील नावाच्या सोंडकिड्याची अळी मुळं खाते, तिथे मेटारायझियमचे दाणे घनमीटरला ५०० ग्रॅम मिसळतात. त्यामागेही हेच गणित आहे: जागा थोडी, माती मोजलेली, बुरशी प्रत्येक मुळाशी. गुलाब, जास्वंद, क्रोटन, सुपारी, आंबा कलमं, कुठलीही पिशवीतली रोपं असोत, जैविक उपायाला याहून चांगली जागा नाही. रोप लावून झाल्यावर वरून शिंपडलेली भुकटी पहिल्या इंचातच राहते, अळी खाली मुळात असते. म्हणून भरण्याआधीच मिसळा.

‘गूळ-बेसनात दोन दिवस मुरवा.’ हा कारखाना जिवाणूंसाठी चांगला, बुरशीसाठी नाही. दोन दिवसांत ड्रममध्ये जे वाढतं ते बहुतांशी जिवाणू आणि आंबवणारे यीस्ट. मेटारायझियम तेवढ्या वेळात नवे बीजाणू बनवत नाही. असलेले बीजाणू मात्र पाण्यात रुजायला लागून वाया जाऊ शकतात. भुकटी वापरायच्या दिवशीच भिजवा, चमचाभर साबणाचं पाणी घाला म्हणजे गुठळ्या होणार नाहीत, गाळून त्याच संध्याकाळी संपवा.

‘कोणत्याही महिन्यात चालतं.’ या वाक्यामुळे सगळ्यात जास्त पैसे मातीत जातात. मे-जूनमध्ये भुंगेरे, मग अंडी, दहा-पंधरा दिवसांत बारीक अळी. जून अखेर ते जुलै ही पहिल्या अवस्थेची अळी कुजका पाला आणि तंतुमुळं खाते. ऑगस्टपासून तिसऱ्या अवस्थेची जाड अळी मुळं फस्त करू लागते आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत खातच राहते. ऊस पिवळा पडतो, बेट ओढलं की सहज हातात येतं, तेव्हा गडी जागा होतो आणि दुकानात जातो. पण तोवर अळीची कातडी जाड झालेली असते. बीजाणू अंगाला चिकटणं, रुजणं, कातडी भेदणं याला दिवस लागतात, आणि मध्येच अळीने कात टाकली तर बीजाणू कातीबरोबर गळून पडतात. लहान अळी आठवड्या-दोन आठवड्यांत मरू शकते, तिसऱ्या अवस्थेची कित्येक आठवडे टिकते आणि तेवढ्यात पीक संपवते. ‘आठ दिवसांत’ हा शब्द लहान अळीलाही जेमतेम लागू पडतो.

उन्हाळ्यातही नको. बीजाणूंना २५ ते ३० अंश मानवतं. ३५ च्या वर रुजणं मंदावतं, ऊन थेट लागलं तर काही तासांत ते निकामी होतात. जमिनीत ओल असताना, संध्याकाळी, मातीखाली जाईल असं द्या. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) आणि मेटारायझियम यांत किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा. एकाच टाकीत दोन्ही घालणारेही आहेत, त्यांना काय सांगावं.

‘पुन्हा खर्च नाही.’ अर्धं खरं. मेलेल्या अळीवर हिरवा थर येतो, त्यातून नवे बीजाणू मातीत जातात. पण अळ्या कमी झाल्या की हा पुरवठाही आटतो. शिवाय पुढच्या वर्षी भुंगेरे शेजारच्या रानातून उडत येतात. त्यांना कोणत्या बांधाच्या आत बुरशी आहे हे माहीत नसतं.

‘सूत्रकृमीने मुळांना गाठी होतात.’ सूत्रकृमी म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी; हा नावामुळे झालेला घोटाळा. गाठी करणारे सूत्रकृमी सुईसारखं तोंड मुळात खुपसतात. कीटकांवर जगणाऱ्यांना मुळाशी देणंघेणं नाही. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात तर आपल्या देशातलीच. कोइंबतूरला उसाच्या शेंडा पोखरणाऱ्या किडीत सापडली, १९९२ साली तिचं नामकरण झालं. ती अळीच्या अंगात शिरते, पोटातले जिवाणू सोडते आणि अळी दोन-तीन दिवसांत मरते. मेलेली अळी विटकरी-लाल होते आणि घाण वास मारत नाही. काळी पडून सडलेली अळी मात्र दुसऱ्याच कारणाने मेलेली समजा.

या सूत्रकृमींची मात्रा एकरी १०० कोटी, म्हणजे चौरस मीटरला २.५ लाख. बिघडतं ते असं: पाकीट गाडीच्या डिकीत तापतं, फार गारठ्यातही ही जात टिकत नाही, म्हणून पाकिटावरचं तापमान पाळा. वापरण्याआधी चिमूटभर पाण्यात सोडून काळ्या ताटलीत १० पट भिंगातून पाहा. वळवळणारे जिवंत, सुईसारखे सरळ पडलेले मेलेले. ते अर्धा मिलिमीटर लांब असतात, त्यामुळे ठिबकच्या वाळूच्या वा चकतीच्या फिल्टरमध्ये अडकतात. व्हेंचुरी (ठिबकच्या पाण्यात द्रावण ओढून घेणारी नळी) फिल्टरच्या पुढे, म्हणजे पाणी गाळून बाहेर पडतं त्या बाजूला, जोडा, पंपाची बारीक जाळी काढा, टाकी ढवळत राहा, नाहीतर सगळे तळाला बसतात. आधी रान भिजवा, ऊन उतरल्यावर सोडा, नंतर काही दिवस ओल टिकवा. तिसऱ्या अवस्थेच्या हुमणीपुढे सूत्रकृमीही कमी पडतात, तिच्या श्वासछिद्रांवर बारीक चाळणी असते. म्हणजे पुन्हा जुलैच.

संदेशात भुंगेऱ्यांचा उल्लेखच नाही. पहिल्या पावसानंतरचे काही दिवस, रात्री आठच्या सुमारास गावाने मिळून झाडं हलवणं आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकणं, एवढ्यानेच पुढची कित्येक अंडी टळतात. झाडावर सरासरी २० भुंगेरे दिसले तर ते करायलाच हवं. प्रकाश सापळा फक्त मे-जूनमध्ये, रात्री सात ते दहा. वर्षभर लावला तर मित्रकीटक मरतात.

ऑगस्टच्या अखेरीस ओळीत दहा ठिकाणी फूटभर खणा. जिवंत, हिरव्या आणि विटकरी अळ्या वेगळ्या मोजा, आणि मेलेल्या फेकू नका, त्याच खड्ड्यात माती लोटून ठेवा.