आदेश काढण्यापूर्वी

युद्धकाळात माणसांना खटल्याविना आत ठेवण्याचा अधिकार कधी आपल्या हाती आलाच, तर युद्ध संपल्याच्या बातमीवर एकदम विश्वास ठेवू नये. चीनने 1962 च्या नोव्हेंबरात एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, तरी आपली ऑक्टोबरातली आणीबाणी 1968 च्या जानेवारीपर्यंत सुखाने नांदली. महिनाभराची लढाई पाच वर्षे पुरवून वापरणे, याला काटकसर म्हणतात.

आदेशात पुराव्यासारखे जड सामान भरू नये. ‘शासनाची खात्री पटली आहे’ एवढे वाक्य पुरते, कारण खात्री ही भुकेसारखी असते, ज्याची त्यालाच कळते. मात्र ज्यांच्याखाली आत ठेवायचे, त्या युद्धकालीन भारत संरक्षण नियमांतले शब्द जसेच्या तसे उतरवावेत. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी 1965 मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना स्थानबद्ध करताना ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ लिहायचे ते ‘कायदा व सुव्यवस्था’ लिहिले. त्यावर सर्वोच्च न्यायालयात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पून सांगितले, की सर्वांत बाहेरचे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आतले सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि गाभ्यातले राज्याच्या सुरक्षिततेचे. नियमाने दिलेला अधिकार आतल्या वर्तुळांपुरताच होता, म्हणून लोहिया सुटले. नियमांचे पुस्तक एकदा उघडले असते, तर एवढी भूमिती टळली असती.

स्थानबद्धाला कागद देतानाही सावध असावे. मुंबईत भारत संरक्षण नियमांखाली आत असलेले प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात, तेही शासनाच्याच परवानगीने, अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या म्हणताच शासनाने नकार दिला. स्थानबद्धाला मिळणाऱ्या सवलतींच्या यादीत ग्रंथप्रकाशन नाही, सबब त्याला तो हक्कच नाही, असा युक्तिवाद झाला. (अणूचे रहस्य मराठीतून फुटले असते, तर शत्रूला आधी बाराखडी गिरवावी लागली असती, हा मुद्दा शासनाला सुचला नसावा.) उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका चाळली, तेव्हा आत केवळ विज्ञान निघाले. सर्वोच्च न्यायालयानेही 1965 मध्ये हस्तलिखिताची वाट मोकळी केली. तात्पर्य, अनुक्रमणिका न्यायमूर्तींच्या हाती लागू देऊ नये.

इतके करूनही न्यायालयाची धास्ती वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 28 एप्रिल 1976 चा निकाल उशाशी ठेवावा. बांगलादेश युद्धाची 1971 ची आणीबाणी तेव्हाही उठलेली नव्हती आणि तिच्या जोडीला 1975 ची आली होती. त्या काळात स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘मला कोर्टापुढे हजर करून अटक कायदेशीर आहे का ते तपासा’ असा अर्ज करण्याचा अधिकारच नाही, असे चार विरुद्ध एक मतांनी ठरले. स्थानबद्धांची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेतली जाते, असे न्या. बेग यांनी निकालात नमूद केले. असहमती नोंदवणारे न्या. खन्ना ज्येष्ठ होते, तरी 1977 च्या जानेवारीत सरन्यायाधीशपद बेग यांना मिळाले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. पुढे 2017 मध्ये हा निकाल मोडीत निघाला, तोही बहुमतातल्या न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या चिरंजीवांच्या लेखणीने. पण त्याने आपण खचून जाऊ नये. ज्यांना आत राहायचे होते, ते 40 वर्षांपूर्वीच राहून आले होते.