'वेल' वर खूण करणारे कच्चे कसे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या आधीच्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत (अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या, म्हणजे सेन्सस ब्युरोच्या, नमुना पाहणीत) इंग्रजी 'वेल' म्हणजे 'चांगलं' येतं यावर खूण करणाऱ्यांनाही मी इंग्रजी कमी येणाऱ्यांत धरलं, मराठीचा वेगळा आकडा दिला नाही, आणि काउंटीतला आकडा पाच-पाच वर्षांच्या माहितीच्या दोन संचांत ४८० वरून ३०० वर आला, म्हणजे सगळीच माहिती बेभरवशाची.

'वेल'ची रेष मी आखलेली नाही. ५ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाबद्दल फॉर्म विचारतो: घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलली जाते का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येतं. पर्याय चार: व्हेरी वेल (खूप चांगलं), वेल (चांगलं), नॉट वेल (फारसं नाही), नॉट अ‍ॅट ऑल (अजिबात नाही). सेन्सस ब्युरो 'व्हेरी वेल'खालचे तिन्ही गट एकत्र मांडतो. दुभाषे आणि भाषांतरित कागदपत्रं किती लागतील, याचा अंदाज त्यावरून बांधतात. ऑफिसात काम निभावणारा माणूसही ऑपरेशनच्या संमतिपत्राशी किंवा कोर्टात अडू शकतो, म्हणून रेष वर आहे तेच बरं. त्यात कुणाला अडाणी ठरवणं नाही. एक मात्र तुमचं खरं: ही परीक्षा नव्हे, आणि सगळ्या घराचा फॉर्म बहुधा एकच जण भरतो. आईचं इंग्रजी मुलाला जसं वाटतं, तसं नोंदलं जातं.

मला जास्त सलतो तो इंग्रजीची अडचण असलेल्या कुटुंबांचा आकडा. १४ वर्षं आणि त्यावरच्या एकालाही इंग्रजी 'व्हेरी वेल' येत असेल, तर ते घर अडचणीतल्या घरांत मोजलंच जात नाही. दिवसभर घरी एकट्या असलेल्या आजीला अँब्युलन्स बोलवायची वेळ आली, तर ती काय करणार? म्हणून ६५ वर्षं आणि त्यावरच्यांचे आकडे सर्व्हेच्या बी१६००४ या कोष्टकात वेगळे पाहा.

तुम्ही मराठी 'आशियाई भाषा' या ओळीत शोधलीत. तिथे तेलुगू, तमिळ सापडतील. मराठी 'इतर इंडो-युरोपीय' गटात जाते. बी१६००१ या सविस्तर कोष्टकातही ओळ आहे ती 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा' अशी एकत्र. त्या ओळीला मराठी म्हणून छापणं खोटं ठरलं असतं. सुटी मराठी पब्लिक यूज मायक्रोडेटात (नावं वगळून खुल्या केलेल्या एकेका व्यक्तीच्या नोंदींत) मिळते, पण किमान १ लाख वस्तीच्या विभागांसाठीच. तिथे ओळी मोजू नका, प्रत्येक व्यक्तीच्या वेटची (भारांकाची) बेरीज करा. नमुन्यातली एक ओळ अनेक माणसांसाठी उभी असते.

आता घसरण. तुमच्या ४८० शेजारी ±२१० आहे आणि ३०० शेजारी ±१६०; या नमुन्यामुळे येणाऱ्या चुकीच्या मर्यादा, दोन्ही ९० टक्के विश्वासपातळीवर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं, तर साधारण २६४ येतात. फरक आहे १८०, तो या मर्यादेच्या आतच, त्यामुळे घसरण झाली असं म्हणता येत नाही. शिवाय तुम्ही २०१८-२२ आणि २०१९-२३ हे संच घेतलेत. त्यांत चार वर्षं सामाईक आहेत, म्हणून हे गणितही तिथे पुरतं लागू पडत नाही. तुलनेला २०१४-१८ आणि २०१९-२३ घ्या.