चेहऱ्याला जरा वेळ द्या की

आईला गेली चार-पाच वर्षं ऐकू कमी येतं. मशीन घेतलंय पण ते कपाटातच जास्त असतं, कानात घातलं की भांडी डोक्यात आपटतात म्हणते. त्यामुळे आमच्या नौपाड्यातल्या घरात सिरियल म्हणजे फुल आवाज, आणि तरी मधेच "काय म्हणाली ती?" आणि मी आतून ओरडून सांगायचं. परवा रात्री मी लॅपटॉपवर 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' लावला होता, कार्ल ड्रायरचा १९२८ चा मूकपट, आणि आई मेथीची जुडी घेऊन शेजारी येऊन बसली. मधेमधे संवादाची लिहिलेली पाटी आली की मी तिला मराठीत सांगत होते. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, म्हणाली, "तू सांगू नकोस गं, कळतंय मला." मेथी तशीच मांडीवर.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, हा जवळजवळ पूर्ण सिनेमा म्हणजे चेहरे आहेत. जोन नावाच्या एका कोवळ्या पोरीवर धर्मपंडितांनी चालवलेला खटला, तिचा चेहरा, त्यांचे चेहरे. सेट बांधायला प्रचंड पैसा घातला होता आणि पडद्यावर तो धड दिसतही नाही! प्रोड्युसरला काय वाटलं असेल. पण ड्रायरला जे पाहिजे होतं ते सगळं जोनचं काम करणाऱ्या फाल्कोनेटीच्या चेहऱ्यावर होतं. मेकअप अजिबात नाही. आधीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणजे गालावरची लाली, डाग, ओठ सगळं काळं यायचं, म्हणून नटांना पांढरं थापायला लागायचं. विसाच्या दशकात सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरात आली आणि ड्रायर आणि कॅमेरामन रुडॉल्फ माते यांनी तिच्यावर नुसती त्वचा शूट केली. भेगाळलेले ओठ दिसतात, पापणीच्या कडेला जमलेलं पाणी गालावर उतरायच्या आधी किती वेळ थांबतं ते दिसतं. एका ठिकाणी चेहऱ्यावर माशी बसते. शेवटी तिचे केस कापतात ते खरे केस आहेत. तिथे आईनी माझा हात धरला.

मला हे इतकं लागण्याचं अजून एक कारण आहे. मी कॉलेजपासून एकांकिका करत आले, आणि आमचे सर तालमीत एकच सांगायचे, गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. बरोबरच होतं ते. तिथून चेहरा दिसत नाही हो, मान दिसते, खांदे दिसतात, आवाज येतो. मग पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा चार वेळा कट झालं, कमी कर, अजून कमी कर, आणि मी रडकुंडीला आले कारण कमी करायचं म्हणजे नक्की काय करायचं ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. फाल्कोनेटीसुद्धा नाटकातलीच, पॅरिसच्या रंगभूमीवरची. ती चेहऱ्यानी काही 'दाखवत' नाही. तिला प्रश्न विचारला जातो, ती आधी ऐकते, मग समजून घेते, मग घाबरते, आणि या तिन्ही गोष्टी एकामागून एक होताना आपल्याला दिसतात, कारण कॅमेरा तिथून हलत नाही.

मूकपट म्हटलं की लोक हसतात, तुरुतुरु पळणारी माणसं आणि ओव्हरॲक्टिंग. अहो, तेव्हा कॅमेरा हातानी फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं, आणि नंतर ते सगळं २४ च्या स्पीडला लावलं, मग माणसं पळणारच! योग्य स्पीडला लिलियन गिश ही नटी बघा, दिग्दर्शक ग्रिफिथच्या १९१९ च्या 'ब्रोकन ब्लॉसम्स'मधली. बाप मारकुटा, आणि वर तिला हस म्हणतो. तिला हसताच येत नाही, म्हणून ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. ओठ हसतात आणि डोळे तसेच भेदरलेले राहतात. संवाद असता तर लेखकानी तिथे एक वाक्य घातलंच असतं आणि सगळं घालवलं असतं.

आणि हे काही फक्त बाहेरचं नाही. त्याच १९१९ मध्ये फाळक्यांनी 'कालिया मर्दन' केला, कृष्णाच्या कामाला त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी तिचा नुसता चेहरा येतो, एकामागून एक भाव, आणि मग त्या मुलीचा हळूहळू कृष्ण होतो. म्हणजे फाळके प्रेक्षकाला आधी सांगतायत, चेहरा कसा बघायचा ते शिका, मग गोष्ट बघा. मला हे दृश्य पहिल्यांदा सापडलं तेव्हा मी लोकलमध्ये होते, मुलुंड ते ठाणे तीन वेळा मागे घेऊन बघितलं.

म्हणून मला आत्ताच्या सिरियलमधल्या क्लोजअपचा राग येतो. सासूचा चेहरा, धाडकन म्युझिक, तोच चेहरा अजून जवळून, परत धाडकन. चेहरा मोठा केला की क्लोजअप होत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प राहावं लागतं, लेखकानी, म्युझिकवाल्यानी, एडिटरनी. आपल्याकडे उत्तम नटनट्या आहेत, नाटकात घासून तयार झालेल्या, त्यांना पाच सेकंद शांतपणे विचार करू देत नाही आपण, आणि मग म्हणतो सिरियलमध्ये ॲक्टिंग कुठे असते.

ड्रायरच्या त्या जोनच्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह १९२८ मध्येच बर्लिनला आगीत गेली. १९८१ मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात एक प्रिंट सापडली, म्हणून आपल्याला हा सिनेमा जसा केला होता तसा बघायला मिळतोय. हे मी आईला कानाशी जाऊन मोठ्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्या पंडितांमधला एक होता बघ, बारीकसा, त्याला तिची दया येत होती. त्याचं काय झालं पुढे?" मला तो आठवेचना. रात्री पाऊण वाजता आम्ही मागे जाऊन त्याला शोधला, आईनीच बोट ठेवलं स्क्रीनवर.