दार अडकलं, वखारवाला चोर

जुलै लागला की वखारीतला फोन एकाच सुरात वाजतो. "तुम्ही ओलं लाकूड दिलंत!" यंदाचा पहिला फोन दुसऱ्याच मोठ्या पावसाला आला. चौकट आणि दार फेब्रुवारीत नेलेलं. पलीकडच्या गृहस्थांनी दाराचे चार फोटो, रंध्याच्या भुशाचा एक व्हिडिओ आणि "ग्राहक मंचात खेचतो" हा निरोप, सगळं एका दमात पाठवलं. तेव्हा मुंबईत घराचं लाकूडकाम काढणाऱ्या सर्व सुज्ञ मंडळींसाठी हे थोडं मार्गदर्शन. तंतोतंत पाळावं. तुम्हाला दर पावसाळ्यात नवा वाद मिळेल आणि आमचंही मन रमेल.

सुरुवात फोनने करा. "सागाचा काय भाव?" एवढंच विचारायचं. पुढून "कुठला साग, लांबी किती, गाठी चालतील का" अशी उलटी चौकशी आली तर चिडायचं. साग म्हणजे साग! बल्लारशाच्या डेपोतला, घाना-बेनिनहून कंटेनरमधून आलेला आणि इक्वेडोरच्या लागवडीतला कोवळा, तिघांचा भाव एकच असायला हवा, आडनाव एकच आहे ना. साडेसात फुटी आणि दहा फुटी तुकड्याचा घनफुटाचा भाव वेगळा का, हे तर विचारूच नका. लांब, सरळ, बिनगाठीचा तुकडा ओंडक्यातून किती कमी निघतो हे आम्ही उगाच सांगत बसू.

नाहीतर सरळ बर्मा, म्हणजे म्यानमारचा सागच मागा. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात 1 एप्रिल 2014 पासून बंद केली. तिथून आता येतो तो चिरलेला माल. पण रे रोडच्या लकडी बंदरापासून कुर्ल्यापर्यंत हवा तेवढा 'बर्मा' मिळेल, तोंडाने म्हणायला परवाना लागत नाही. खराखुरा जुना बर्मा पडलेल्या चाळींच्या तुळयांतून निघतो, आणि त्यात खिळेही निघतात. एक खिळा राहिला की बँडसॉचं, म्हणजे आमच्या चिरायच्या यंत्राचं, पातं गेलं. म्हणून तो चिरायला देताना "खिळे काढलेत" असं छातीठोक सांगा. काढले नसले तरी. (सीपी टीक मागत असाल तर शाबास. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत 1950 साली नकाशावरून गेला, वखारीच्या पाटीवर मात्र अजून नांदतोय.)

आता आठ वखारींचा भाव एका कागदावर उतरवा आणि सगळ्यात स्वस्त निवडा. माप विचारू नका, तिथेच तर गंमत आहे. हिशेब सोपा असतो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार, भागिले 144, की झाले घनफूट. सात बाय तीनच्या दाराला बिनउंबरठ्याची चौकट घ्या. सात, सात आणि तीन मिळून 17 फूट. पाच बाय अडीच इंचाच्या मापाने 1.48 घनफूट झाले. घनफुटामागे 200 रुपये कमी मिळाले म्हणजे चौकटीत 300 रुपये वाचले, पार्टी करा. फक्त टेप काढू नका. तो तुकडा पावणेपाच बाय सव्वादोनचा भरला तर लाकूड 1.26 घनफूटच आलं, आणि पैसे तुम्ही 1.48 चे मोजलेत. जवळजवळ सातवा हिस्सा गेला. रंधा मारल्यावर माप उतरतंच, ते उतरणारच. पण रफ माप किती नि फिनिश माप किती, हे आधी विचारणाऱ्याला हे ऐकावं लागत नाही. तुम्ही विचारू नका. नंतर भांडायला काय उरेल?

माप सांगताना रुंदी इंचात, उंची सेंटिमीटरमध्ये आणि जाडी सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगा. मिस्त्री "सहा सूत" म्हणाला की मान डोलवा.

प्लायची कापलेली शीट परत आणा. करवतीने खाल्लेला एक सूत आम्ही फेविकॉलने परत चिकटवून देतो.

लिफ्टचं माप घेऊ नका. आठ फुटी प्लाय वाकते, असं धरून चला.

बिल घेऊ नका. जीएसटीचे 18 टक्के वाचतात.

गावी साग असेल तर फारच उत्तम. कोकणात प्रत्येकाच्या परसात एक साग असतोच, आजोबांनी लावलेला, आणि तो सोन्याचा असतो. तोडा आणि टेम्पोत घालून घेऊन या. तोडीची परवानगी, वाहतुकीचा परवाना, ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, या सगळ्या भाकडकथा आहेत. नाक्यावर गाडी अडली तर "घरचंच झाड आहे" म्हणा. पोचलाच ओंडका वखारीत, तर त्याचा घेर मोजा. 36 इंच भरला तर त्याची चौथाई 9 इंच, म्हणजे पाऊण फूट. पाऊण गुणिले पाऊण गुणिले दहा फूट लांबी, साडेपाच-पावणेसहा घनफूट. गोल लाकूड असंच मोजतात. वर्तुळाच्या सूत्राने मोजलं तर आकडा मोठा येतो खरा, पण साल नि चिरताना जाणारा चुरा त्या सूत्राला माहीत नसतो. त्यातून चिरून निम्मं कामाचं निघालं तरी देव पावला. कोवळ्या झाडाचा बाहेरचा पांढरा भाग जाड असतो, आणि भुंग्याला तोच आवडतो. मग "आमच्या झाडाचं निम्मं लाकूड वखारवाल्याने ठेवून घेतलं" हे गावभर सांगायला तुम्ही मोकळे.

प्लाय घेताना शब्द एकच, वॉटरप्रूफ. 303 आणि 710 हे आयएसचे, म्हणजे भारतीय मानकांचे क्रमांक आहेत, खोल्यांचे नाहीत, ही माहिती तुमच्या काय कामाची? 303 मध्येही दोन प्रती येतात, पैकी साधी एमआर (फक्त दमट हवा सोसणारी) म्हणजे बाजारातली कमर्शियल. ती बेडरूमच्या कपाटाला ठीक, सिंकखाली नाही. म्हणून सिंकखाली तीच लावा. 710 वाली मरीन घेतलीतच, तर सिंकसाठी आणि नळासाठी कापलेल्या कडा तशाच उघड्या सोडा. त्या प्लायचा तुकडा 72 तास उकळून तपासतात हे खरं, पण त्यात थरांमधला गोंद सुटत नाही एवढंच सिद्ध होतं. लाकूड पाणी पितच नाही, असं कुणी म्हटलेलं नाही. कडेला दोन हात प्रायमर आणि सिलिकॉनची एक रेघ, दहा मिनिटांचं काम. मिस्त्री जेवायला बसलाय, राहू दे. आणि प्लायचा तुकडा कुकरमध्ये उकळायची ती घरगुती परीक्षा जरूर करा. तीन शिट्ट्यांत शीट पास झाली की डाळ लावा.

तर आता मुख्य विषय, ते अडकलेलं दार.

सागाची चौकट नि दार मे महिन्यात आणून ठेवा. घरात नाही, घरात टाइल्सवाले आहेत. जिन्याखाली, थेट लादीवर, भिंतीला तिरकं टेकवून. जून आला की जिन्याच्या खिडकीतून शिंतोडे येतात, ते त्याला अंघोळ घालतील. मग प्लास्टर ओलं असतानाच चौकट बसवा. भिंतीला चिकटणाऱ्या बाजूला काही लावू नका. डांबरी रंगाचा हात तिथे द्यायचा असतो हे जुन्या गवंड्यांचं वेड. चौकट भिंतीत धरणारे लोखंडी होल्डफास्ट एका बाजूला तीन लागतात, तुम्ही दोनच मारा. दाराला पॉलिश समोरून काच वाटेल असं करा. मागून एक हात पुरे. वरची कड आणि खालची कड कोरीच ठेवा, ती कुणाला दिसते? मधलं पॅनल खोबणीत सैल ठेवायचं असतं, फुगायला-आकसायला जागा मिळावी म्हणून. तुम्ही ते फेविकॉलने गच्च करून टाका, खडखड वाजायला नको. आणि दार नि चौकट यांच्यात फट अजिबात नको. पुढच्या फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत दार असं बसवा की पोस्टकार्डसुद्धा सरकणार नाही. घरचे म्हणतील, वा, काय फिटिंग आहे!

पुढचं काम मुंबईच्या हवेवर सोपवा. घरातलं लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हिवाळ्यात इथे त्यात 11-12 टक्के ओलावा असतो, भर पावसाळ्यात तोच 17-18 पर्यंत चढतो. सागातही. बर्मातसुद्धा. तुमच्या आजोबांच्या झाडातही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. दाराच्या दोन उभ्या पट्ट्यांची रुंदी मिळून दहा इंच धरा, त्या सहा टक्क्यांच्या फरकाने जवळपास एक सूत फुगतात. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर. एवढी फट मिस्त्री मागत होता. तुम्हीच म्हणालात ना त्याला, "चोरांना आत हात घालायला ठेवतोयस का?"

आणि मग जुलैत दार अडकतं. अडकणारच! तेव्हा तुम्ही काय करता? दुसरा मिस्त्री बोलावता. तो भर पावसात, लाकूड पाणी पिऊन टरारलेलं असताना, रंधा मारतो. दोन सूत काढतो, एकाऐवजी दोन, पुन्हा बोलावणं नको म्हणून. रंधलेली कड पुन्हा कोरीच सोडतो, कारण पॉलिशवाला वेगळा असतो आणि तो पावसात येत नाही. मग त्या कोऱ्या कडेतून पाणी आणखी जोमाने शिरतं. गणपतीत दार पुन्हा अडकतं, पुन्हा रंधा. आणि डिसेंबर-जानेवारीत लाकूड आकसलं की फट एवढी होते की बाहेरून टीव्ही दिसतो. तेव्हा दुसरा फोन येतो. "तुम्ही आखूड दार दिलंत." त्याच तोंडाने! जुलैत ओलं, जानेवारीत आखूड, आणि दोन्ही वेळा चोर आम्हीच.

आमच्यातले काही जण ओलं लाकूड विकतात, हे मला ठाऊक आहे. लाकूड भट्टीत वाळवणाऱ्या सीझनिंग प्लांटचं तोंड न पाहिलेला माल "किल्न ड्राय" म्हणून खपवतात, तेही ठाऊक आहे. मग तपासा ना घेताना. मॉइश्चर मीटर नावाचं तळहाताएवढं यंत्र असतं. दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. टोकाला टोचू नका, तिथे लाकूड आधी वाळतं. मध्यावर टोचा, तीन-चार नगांवर. 12-14 दाखवलं तर घ्या, 20 दाखवलं तर सोडून द्या. ज्याच्याकडे मीटर नाही किंवा जो टोचू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. पण हे करायला वखारीत यावं लागतं, उभं राहावं लागतं. फोनवर "सागाचा काय भाव" विचारून ते होत नाही.

आणि ग्राहक मंचात जायचंय ना? जा की. बिल कुठे आहे? तुम्हालाच नको होतं ते, 18 टक्के वाचवायचे होते. आता पुरावा म्हणून काय दाखवणार, भुशाचा व्हिडिओ?

हमालांचंही सांगून टाकतो, आता तोंड उघडलंच आहे तर. 19 मिलिमीटर जाडीची, आठ बाय चार फुटांची प्लायची शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. सोसायटीची लिफ्ट मालाला चालत नाही, चालली तरी शीट आत मावत नाही. तो माणूस ती पाठीवर घेऊन, प्रत्येक वळणावर तिरकी करून पाचव्या मजल्यावर चढवतो, आणि तुम्ही वर दारात उभे राहून म्हणता, "कोपरा घासलाय, पन्नास कापून घेतो." खाली ठरलेली मजुरी वर गेल्यावर बदलायची नसते. त्याला पाणी विचारायचं असतं. या राज्यात हमाल-माथाड्यांसाठी 1969 साली कायदा करावा लागला तो तुमच्यासारख्यांमुळेच. जिन्याचं माप घ्यायला तुमचे किती पैसे पडत होते? टेपचं एक टोक कठड्याला, दुसरं वळणाच्या भिंतीला. शीट वळत नसेल तर वखारीतच दोन तुकडे करून देतो आम्ही, कपाटाला तसेही दोनच लागतात.

राहिलं ते फेब्रुवारीतलं दार. स्टुलावर चढा आणि त्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत, कोरी लागेल. आत्ता रंधा लावू देऊ नका, कितीही अडकलं तरी. ऑक्टोबरचं ऊन पडून लाकूड उतरलं की दार बिजागरीतून काढा. तेव्हाही घासत असेल तर घासते तिथेच, जास्तीत जास्त एक सूत रंधा. मग वर, खाली आणि बाजूला मिळून चारही कडांना पॉलिशचे दोन-दोन हात द्या आणि मागच्या बाजूचा राहिलेला हातही पुरा करून टाका. मग परत बसवा. तोवर कडी ओढताना दार जरा वर उचला, आणि फोन ठेवा.